शेंदरात बसलेला दांडा

।। श्री ।।

भाट्ये, ता. १२ नोव्हेंबर १९३४

चि. हरिश्चंद्रास,
सगुणाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझी भाऊबिजेची साडी पोचली. पोत चांगला आहे. रंग मात्र तू गोदीतल्या जहाजाच्या बुडाला लावतात तो पाहून निवडलास असे दिसते. भाऊ स्वतः न येता पार्सल पाठवतो तेव्हा ओवाळायचे कोणाला, ते काही तू लिहिले नाहीस. मी पार्सलालाच ओवाळले. निदान ते वेळेवर आले होते.

इकडे सर्व खुशाल असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरी हकीकत वेगळी आहे. मुंबईच्या कुणा शेटजींच्या मोडीतून निवडून तू माझ्या घरात जी सवत आणून बसवलीस, ती सागरलक्ष्मी लाँच आता कोणाचे ऐकेनाशी झाली आहे. वल्ह्यांची होडी होती तेव्हा हे खाडीपलीकडच्या राजिवड्याहून माणसे भाट्याला आणून घामाघूम होत आणि घरी येऊन जेवून झोपत. आता यंत्र असूनही घामाघूम होतात, आणि जेवताना घासाघासाला तुझे नाव घेतात.

तिला उजव्या हाताशी दोन दांडे आहेत हे तुला सांगायला नको. मोठा पुढे ढकलला की लाँच पुढे, मध्ये ठेवला की उभी, मागे ओढला की मागे. धाकट्याने वेग कमीजास्त होतो. अंगणात केरसुणी आणि लाटणे हातात घेऊन हे तूच मला समजावले होतेस. हल्ली मोठा मधोमध रुसून बसतो आणि धाकटा अर्ध्यावर. धक्का जवळ आला की हे सुकाणू कमरेने दाबून धरतात, दोन्ही हातांनी दांडा ओढतात, दातओठ खातात, आणि लाँच तिला वाटेल तेव्हा थांबते. परवाच्या मंगळवारी तिला धक्क्यावर आपटल्यावर वाटले. धक्का दगडी म्हणून बचावला. मासे विकणारी सोनूबाई टोपलीसकट एका मास्तरांच्या मांडीवर जाऊन बसली, आणि टोपलीतले बांगडे आले तिथे परत गेले. तिने यांच्या सगळ्या पूर्वजांचा नावानिशी उद्धार केला आणि यापुढे टोपली डोक्यावर घेऊन पोहत येईन म्हणाली. काशीरामाची वल्ह्यांची होडी अजून चालते. तो आता प्रत्येक उतारूला विचारतो म्हणे, की बाबा, भाट्यास जायचे की वैकुंठास.

थट्टा सोडून लिहिते. चैत्रात खाडीवरल्या तरीचा मक्ता पुन्हा ठरायचा आहे. लाँच अशीच धडका देत राहिली तर मक्ता काशीरामाकडे जाईल आणि हे घरी बसतील. पाण्यावर जन्म काढलेला माणूस घरी बसला की चुलीतली लाकडे कशी लावावी हे शिकवू लागतो. मला ते नको आहे, आणि त्यांना तर त्याहून नको आहे.

यांच्या मते दोष तुझा, कारण निवड तुझी. निगा राखण्यात आमची कसूर नाही. दसऱ्याला, नारळी पौर्णिमेला आणि पावसाळ्यानंतर लाँच पाण्यात उतरवताना हे दोन्ही दांड्यांची पूजा करतात आणि सांध्यासांध्यांत बोटाने शेंदूर भरतात. शेंदराला गोडेतेल कशाला वाया घालवायचे म्हणून, लाँचीला रंग देताना उरलेले जवसाचे तेल त्यात कालवतात. यंदा इतका थर चढलाय की दांड्यांना डोळे लावले तर मारुतीच व्हायचा. तेव्हा देवाची बाजू भक्कम आहे, यंत्राची तू पाहा.

मथुरेस आशीर्वाद सांग. तिच्या हातचे जेवून अंग धरले असेल तर कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि साडीचा रंग पाण्यात टिकतो का तेही लिही.

तुझी आक्का,
सगुणा

।। श्री ।।

माझगाव, मुंबई, ता. २० नोव्हेंबर १९३४

ती. सौ. आक्काच्या चरणी,
बालके हरिश्चंद्राचे शि. सा. न. वि. वि.

पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचले. शेंदरापाशी आलो आणि भाकरीचा घास घशात अडकला. मुकादम पाठीत बुक्क्या मारायला धावला. त्याला मजकूर वाचून दाखवला, तर त्याच्याच पाठीत बुक्क्या मारायची वेळ आली.

कारण ऐक. इथे वाफेच्या नळांचे सांधे बसवताना आम्ही शेंदूर जवसाच्या तेलात कालवून लावतो. तो वाळला की दगड होतो. तो सांधा त्या नळाच्या हयातीत पुन्हा हलू नये, एवढ्यासाठीच ते करायचे असते. भावोजींनी तेच मिश्रण, तेही सोवळ्याने, हलायच्या सांध्यात वर्षातून तीनदा भरले. असे असून तुझी सवत आजवर हलत होती, तेव्हा निवड करणाऱ्याला शाबासकी द्यायची सोडून घासाघासाला शिव्या कसल्या देता?

आता उपाय. इंजिन थंड असू दे. जवळ दिवा नको आणि विडी नको, म्हणजेच तुमचा खलाशी केरू नको. त्याला धक्क्यावर उभा करा. दांड्यापासून इंजिनापर्यंत लोखंडी सळई जाते, तिची इंजिनाकडची खीळ काढायची. त्याआधी दांडा मधोमध ठेवून खडूने खूण करा, नाहीतर जोडताना चुकाल आणि पुढे म्हणाल तेव्हा लाँच मागे जाईल. भावोजींना ते नवलाचे वाटणार नाही, पण उतारूंना वाटेल. मग नुसता दांडा हलवून पाहायचा. अडला तर दोष त्याच्या सांध्यात. तो सुटा चालला तर सळई पाहायची, तीही सुटी असेल तर इंजिनाकडचा भाग. एकेक भाग मोकळा ठरवत जायचे, आणि शेवटी जो उरेल त्यात दुखणे. आमच्या कारखान्यात एवढे एकच शास्त्र आहे आणि त्याच्यावरच आमची पोटे चालतात.

सांध्यातला शेंदूर रॉकेलने भिजेल पण निघणार नाही. धुण्याचा सोडा कढत पाण्यात विरघळवून फडक्याने शेकत राहा आणि बोथट सुरीने खरवडा. खीळ लाकडाच्या तुकड्याने ठोकून बाहेर काढा, हातोडीने नको. काचकागदाने पुसून लख्ख करा आणि यंत्राचे पातळ तेल घाला. थेंबभर पुरते, अभिषेक नको.

पुढल्या दसऱ्याला दांड्यांना लांबून हात जोडावेत, देव रागावणार नाही. मथुरेचा नमस्कार. ती म्हणते, साडीचा रंग तिने निवडला होता. त्या बाबतीत तुम्ही दोघी परस्पर काय ते पाहा, आणि या गरिबावरची कृपा आहे तेवढी राहू दे.

तुझा,
हरी

।। श्री ।।

भाट्ये, ता. ६ डिसेंबर १९३४

चि. हरिश्चंद्रास,
सगुणाचे अ. उ. आ. वि. वि.

साडीचा रंग पुन्हा नीट पाहिला. फार सुरेख आहे. मथुरेस तसे सांग, आणि मागले पत्र तिच्या हाती पडू देऊ नकोस.

तुझा उपाय मी वाचून दाखवला. यांनी शांतपणे ऐकला आणि सोडा-सुरीपाशी आल्यावर उठून उभे राहिले. देवाच्या नावाने चढवलेला शेंदूर बोथट सुरीने खरवडायचा, हे सांगणाऱ्याची अक्कल गोदीत गंजली आहे, असे म्हणाले. यंत्र बुडाले तरी चालेल, पण पाप नको. मी म्हटले, यंत्राबरोबर तुम्हीही बुडाल. त्यावर ते पानाचा डबा घेऊन ओटीवर गेले.

मग मी धाकू गुरवाला गाठले. आपल्या मारुतीवर शेंदराचे थर चढून चढून खोळ होते आणि एखाद्या वर्षी ती आपोआप सुटून पडते, तेव्हा वाजतगाजत नेऊन खाडीत सोडतात, हे तुला आठवत असेल. मी धाकूला विचारले, की दांड्याची खोळ का सुटू नये. त्याने डोके खाजवले. मी नारळ आणि शिधा पुढे केला, तेव्हा त्याला शास्त्र आठवले. देवाने खोळ टाकायची मनात आणली आहे, फक्त थोडी मदत मागतो आहे, असे त्याने घरी येऊन यांना गंभीर तोंडाने सांगितले. हे लगेच राजी झाले. बायकोचे आणि मेव्हण्याचे जे पटत नाही ते गुरवाच्या तोंडून आले की पटते, हे मी लग्न झाल्यापासून पाहते आहे.

खोळ काढायचा सोहळा झाला. कढत पाणी मी पुरवले, खरवडले केरूने, कानावरची न पेटवलेली विडी चाचपत. मंत्र धाकूने म्हटले, ते कुठले होते देव जाणे. निघालेला शेंदूर केळीच्या पानावर घालून खाडीत सोडला. एवढा होता की पान बुडाले. मग तू लिहिलेस तसे एकेक भाग मोकळा करून पाहिला. दांडा सुटा, सळई सुटी, इंजिनाकडचे सुटे. सगळे जोडून तेल घातले आणि मी स्वतः दोन बोटांनी मोठा दांडा पुढेमागे केला. केरूने करंगळीने केला. काशीराम बघायला आला होता, तो आपल्या होडीकडे परत गेला. मला वाटले, तुला पेढे पाठवावेत.

दुसऱ्या दिवशी हे लाँच घेऊन गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, की अजून घट्टच आहे. तुझ्या भावाच्या विद्येचा दिवा कसला लागणार, असेही म्हणाले. मीही चिडले, तुला चार शब्द लिहायला कागद घेतला. पण काहीतरी निमित्त काढून धक्क्यावर गेले, तर हे खरोखर दोन्ही हातांनी दांडा ओढत होते, आणि तोंड घामाने भिजले होते. लाँच बांधून हे वर आले तेव्हा मी उतरून पुन्हा दांडा हलवला. तो दोन बोटांनी हलला.

हरी, तुझे शास्त्र मला नीट समजले होते. एकेक भाग मोकळा ठरवत गेले. दांडा नाही, सळई नाही, इंजिन नाही. मग यांचा उजवा हात तेवढा उरला.

आता मागले सगळे उलगडते आहे. गणपतीच्या आरतीत यांच्या हातून तबक पडले, मी उपास सोसत नाही म्हणून बोलले. सदऱ्याची बटणे उघडी असतात, मी अजागळपणा म्हणून बोलले. भात कालवताना ताटाबाहेर सांडतो, त्यावरही बोलले, शेजारी ऐकतील अशा आवाजात. हे एकदाही म्हणाले नाहीत, की हात चालत नाही. मी रात्रंदिवस जवळ असून मला दिसले नाही. मला भीती वाटते रे. मक्त्याचे जाऊ दे, पण हे लोकांपुढे थकलेले दिसले तर त्या दिवशी मरतील, मला ठाऊक आहे. मी कळल्याचे दाखवले नाही. काय करू ते लिही. हे पत्र फाडून टाक.

तुझी,
आक्का

।। श्री ।।

माझगाव, मुंबई, ता. १५ डिसेंबर १९३४

ती. सौ. आक्काच्या चरणी,
हरीचे शि. सा. न. वि. वि.

हा कागद तुझ्यापुरता. सोबतचा दुसरा भावोजींना मोठ्याने वाचून दाखव.

पत्र वाचून त्या दिवशी कामात लक्ष लागले नाही. भावोजींना सरकारी दवाखान्यात दाखवायला हवे, कसे नेतेस ते तू पाहा. गुरवाला शास्त्र शिकवणाऱ्या बाईला तेवढे अवघड नाही. तोवर लाँच एकट्याने चालवू देऊ नकोस, केरू जवळ असू दे. उतारूंचा जीव आहे आणि त्यांचाही.

दांडे डाव्या बाजूला घेता येतात. आडवी कांब आणि दोन नवे सांधे मी सुट्टीत कारखान्यात घडवले आहेत. मूठ वीतभर लांब केली आहे, म्हणजे जोर कमी लागेल. सुकाणू कमरेने धरायची सवय तरवाल्यांना असतेच, तेव्हा उजवा हात नुसता सोबतीला राहिला तरी चालेल. येत्या आगबोटीने पेटी पाठवतो. कारण काय सांगायचे ते दुसऱ्या कागदात आहे. वाचताना हसू नकोस, रडूही नकोस.

हरी

ती. भावोजींच्या सेवेशी, कृ. सा. न. वि. वि.

आपल्या लाँचीचा दांडा अजून घट्ट आहे हे वाचून आमच्या कारखान्याची मान खाली गेली. मुकादमाने तर अन्न सोडतो म्हटले, अर्थात जेवल्यावर. पुष्कळ विचार करता दोष जुन्या पद्धतीचा आहे असे ठरले. उजवीकडे दांडा ठेवणे आता मुंबईत अगदी मागासलेले समजतात. हल्लीच्या सगळ्या नव्या लाँची डाव्या हाताने चालतात. उजवा हात मोठ्या लोकांना सलाम करायला मोकळा राहावा अशी त्यात सोय आहे. आपल्यासारख्या नामांकित तरवाल्याने जुन्या चालीला चिकटून राहावे हे आम्हांस शोभत नाही. सोबतचे सामान बसवून घ्यावे. शेंदूर लावू नये.

आक्काच्या बोलण्याने मन कष्टी करून घेऊ नये, आम्ही लहानपणापासून तेच ऐकले आणि तरी वाढलो. चरणांजवळची जागा राखून ठेवावी.

आपला आज्ञाधारक,
हरिश्चंद्र

।। श्री ।।

भाट्ये, ता. २० जानेवारी १९३५

चि. हरिश्चंद्रास,
भिकाजीचे अ. आ. वि. वि.

हे अक्षर पाहून पत्र कोणा पोराने लिहिले असे समजू नकोस. डाव्या हाताला कोणी शाळेत घातले नव्हते, तो या वयात धुळाक्षरे गिरवतो आहे. तुझी बहीण हळदीकुंकवाला गेली आहे तेवढ्यात लिहितो. पत्र टाकायला केरूला देईन.

तुझ्या पेटीतले सामान बसवले. चांगले बसले. मुंबईच्या सगळ्या लाँची आता डाव्या हाताने चालतात हे वाचून करमणूक झाली. मागल्या आठवड्यात मुंबईची एक नवीकोरी लाँच बंदरात आली होती. मी मुद्दाम जाऊन पाहिली. तिचा दांडा उजवीकडे होता. तिच्या तांडेलाला मी म्हटले, की तू फार मागासलेला दिसतोस.

मी काय तुम्हां भावंडांना खुळा वाटलो? हात माझा आहे, तो गेल्याचे मला तुमच्या आधी कळले. गणपतीत तबक पडले तेव्हाच कळले. पण दांड्याला नावे ठेवली तर दांड्याचा मक्ता कोणी काढून घेत नाही, माणसाचा घेतात. म्हणून दांड्याला आणि तुला शिव्या देत राहिलो. तू शेंदराचे लिहिलेस तेव्हा वरवर रागावलो, पण आतून फार बरे वाटले. म्हटले, खरेच शेंदूर असेल, माझा हात नसेल. गुरव म्हणाला तेव्हा म्हणूनच लगेच कबूल झालो. त्याला शिधा कोणी दिला होता ते मला त्याच्या तोंडावरून दिसत होते. मग खोळ निघाली आणि तुझ्या बहिणीने माझ्यादेखत दोन बोटांनी दांडा फिरवला. सगळे हसत होते, मीही हसलो. तेवढे अवघड काम मी खाडीत कधी केले नव्हते.

दवाखान्यात तिने मला सांधेदुखीचे तेल आणायला म्हणून नेले. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा सौम्य झटका आहे, हात चोळत राहा, थोडा येईल. बाहेर येऊन मी तिला सांगितले, की सांधेदुखीच आहे. ती बरे म्हणाली. दोघेही तेल घेऊन घरी आलो.

धक्क्यावर मात्र मला लपवणे जमेना. भरल्या लाँचीत माणसांची पोरेबाळे असतात. परवा सकाळी उतारू जमले तेव्हा मी उभा राहून सांगून टाकले, की माझा उजवा हात गेला आहे, आता डाव्याने चालवतो, केरू शेजारी असतो, ज्यांना बसायचे त्यांनी बसावे, बाकीच्यांना काशीराम आहेच. कोणी हलेना. मग सोनूबाई टोपली घेऊन पुढे आली. उजवा होता तेव्हा तरी तुजा काय उजेड पडला होता, असे म्हणून माझ्यासमोर फतकल मारून बसली. तिच्यामागून बाकीचे चढले. धक्क्याला लाँच कशी लागली ते मला कळलेही नाही, इतकी हळू लागली. चैत्रात मक्ता राहील की जाईल ते देवाला ठाऊक. मला आता त्याची पूर्वीएवढी धास्ती नाही.

पत्र त्यासाठी लिहीत नाही. काम निराळे आहे.

तुझी बहीण हल्ली माझ्याशी गोड बोलते. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन माणसे एक दिवस गोड बोलतात, ते समजू शकतो. ही मार्गशीर्षापासून बोलते आहे. माझ्या हातून चहा सांडला तर असू दे म्हणते. भात ताटाबाहेर गेला तर मुकाट्याने पुसते. सकाळी समोर उभी राहून सदऱ्याची बटणे लावते आणि वर पाहत नाही. लग्न झाल्यापासून या घरात मी रोज तिचा तोंडाचा पट्टा ऐकत आलो. तुला वाटते मला त्याचा त्रास होता. अरे, खाडीतून येताना तो ऐकू आला की मला कळे, आपण घरी पोचलो. आता घरात शिरतो आणि मेल्या माणसाच्या घरात बोलावे तशी ती हळू बोलते. हाताचे दुःख मी सोसतो आहे, हे सोसवत नाही.

तरी तू तिला लिही. माझे नाव सांगू नकोस. भावोजी ठणठणीत आहेत, उगाच आजाराचे ढोंग करून लाडावले आहेत, त्यांना धारेवर धर, असे काहीतरी तुझ्या पद्धतीने लिही. कारण नसेल तर मी पुरवीन. आज जाणूनबुजून चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात गेलो होतो. ती माझे पाय धुवायला पाणी घेऊन आली.

मथुरेस आशीर्वाद. तुमचा दोघांचा लोभ आहे तो तिकडेच राहिला तरी चालेल, तुझ्या आक्काचा राग तेवढा परतीच्या टपालाने पाठव.

तुझा,
भिकाजी